नोंद चुकली तर भरपाई कोणाची?



व्याख्यानाच्या व्यासपीठावर साहित्यावर, इतिहासावर, समाजकारणावर बोलायची आपली परंपरा आहे. मी आज जमिनीच्या कागदावर बोलणार आहे. विषय रुक्ष आहे असे कोणाला वाटेल. पण खानदेशातल्या एखाद्या घरात दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात जात नसतील, तर त्याचे कारण शोधत गेल्यावर आपण बहुधा एखाद्या गट नंबरापाशी पोहोचतो. माझी वकिली महसुली आणि दिवाणी कामांत गेली, त्यामुळे मला हे रोज दिसत आले आहे. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा कागद चावडीतून निघून संगणकाच्या पडद्यावर गेला. त्याने मालकाचे, वारसाचे आणि जमिनीत पैसे घालणाऱ्याचे काय झाले, हा माझा प्रश्न आहे.

आधी जे चांगले झाले ते मोकळेपणाने सांगतो. सुरतेच्या लिंबायत-उधना भागात आपली हजारो माणसे राहतात. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, साक्री इथून पोटासाठी गेलेली. पूर्वी त्यांना सातबारा लागला की एक दिवसाची मजुरी बुडवून, रात्रीच्या गाडीने गाव गाठावे लागे. तलाठी सज्जावर असेल तर ठीक, नाहीतर दुसरी खेप. आज तोच माणूस मोबाइलवर महाभूलेख हे संकेतस्थळ उघडतो आणि गट नंबर टाकून उतारा पाहतो. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्याला 15 रुपये पडतात. फेरफारासाठी कोणी अर्ज केला, नोटीस निघाली का, हे ‘आपली चावडी’वर घरबसल्या दिसते. आपल्या हिश्श्याच्या जमिनीवर भाऊबंद काय करतात हे सुरतेत बसून कळणे, ही फार मोठी गोष्ट आहे. ज्याने या खेपा घातल्या नाहीत त्याला तिची किंमत कळायची नाही.

खरेदी-विक्रीचेही तसेच. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला की आय-सरिता प्रणालीतून त्याची माहिती ई-फेरफारकडे जाते. तिथे नोंद तयार होते, हितसंबंधितांना नोटीस निघते, 15 दिवस हरकतीसाठी असतात, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. पूर्वी खरेदीखत होऊन वर्षानुवर्षे फेरफार न झालेल्या जमिनी गावोगाव होत्या. मूळ मालकाने तीच जमीन दुसऱ्याला विकायची, तिसऱ्या संस्थेकडे तारण ठेवायची, असे प्रकार त्या फटीतून चालत. ती फट आता पुष्कळ अरुंद झाली आहे. विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा ई-हक्क प्रणालीतून चढतो आणि कर्ज फिटल्यावर उतरवण्याचा अर्जही तिथूनच करता येतो. संगणकीकरणानंतरचे, म्हणजे साधारण 2002 पासूनचे दस्त सूची क्रमांक 2 मध्ये ऑनलाइन शोधता येतात.

हे सगळे मान्य करून मी पुढे जातो. कारण यामुळे लोकांचा जो समज झाला आहे तो मला धोक्याचा वाटतो. समज असा, की पडद्यावर नाव आले म्हणजे मालकी पक्की झाली.

आपण धुळ्यात आहोत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला याच गावात वारले आणि त्यांनी जमवलेले कागद जपण्यासाठी इथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या वतनदारांच्या घरांतून दप्तरे गोळा करणाऱ्या या माणसाच्या कामातून मी एक शिस्त शिकलो. कागद हातात आला की तो कोणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि कोणासमोर लिहिला, हे आधी विचारायचे. सातबाऱ्यालाही हेच विचारले पाहिजे.

तो लिहिला महसूल खात्याने. कशासाठी, तर सारा कोणाकडून घ्यायचा हे कळावे म्हणून. इंग्रजांची मोजणी 1836 च्या सुमारास इंदापूरला सुरू झाली आणि पुढे खानदेशात आली. 1852 साली सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या भागांत शेतकरी त्या मोजणीविरुद्ध उठले. मोजणी अधिकाऱ्यांच्या तंबूंभोवती जमाव जमले आणि ते मोडायला सरकारला लष्कर आणावे लागले. शाळेच्या पुस्तकात 1857 असते, 1852 नसते. पण आपल्या या मुलखाने जमिनीच्या मोजणीचा अर्थ फार लवकर ओळखला होता. साखळी आपल्या शेतातून गेली की शेत कोणाच्या तरी वहीत जाते, आणि वही आपल्या हातात नसते, ही त्यांची भीती होती. पुढे मोजणी झाली, आकार ठरला, आणि त्याच मोजणीने बांधावरची कित्येक भांडणे मिटवली हेही खरे. 1903 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेख आला. म्हणजे सारा देणाऱ्याच्या जोडीला जमिनीत कोणाचा काय हक्क आहे तेही लिहायचे ठरले. आजचा गाव नमुना 7, गाव नमुना 12, फेरफाराचा नमुना 6, खात्याचा 8 अ, ही सगळी त्या दप्तराची पुढची पिढी. आपण संगणकावर चढवले ते हेच दप्तर. त्याचा हेतू बदलून नवे काही लिहिलेले नाही.

म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 157: अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाईल. ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ या शब्दांवर आपले अर्धे दिवाणी न्यायालय चालते. सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालापासून वारंवार सांगितले आहे, की फेरफाराच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. तिचा उपयोग महसुलापुरता. तिकडे दस्त नोंदवणारा दुय्यम निबंधकही मालकी तपासत नाही. तो तपासतो दस्त, मुद्रांक, माणसांची ओळख. तामिळनाडूने विकणाऱ्याची मालकी तपासूनच दस्त नोंदवायचा असा नियम केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये तो रद्द केला, कारण नोंदणी कायद्याने निबंधकाला तो अधिकारच दिलेला नाही.

म्हणजे आपल्याकडे दोन खिडक्या आहेत. एकीत दस्त नोंदतात, दुसरीत नाव चढवतात, आणि मालकी आहे की नाही हे तिसरीकडे, न्यायालयात ठरते. दोन्ही खिडक्या संगणकाने जोडल्या गेल्या आणि काम वेगाने होऊ लागले. पण तिसऱ्या ठिकाणी गेल्यावर चुकीची किंमत कोण मोजतो? आजच्या घडीला ती मोजतो मालक. नाहीतर विश्वासाने विकत घेणारा. नोंद करणारे सरकार एक पैसाही मोजत नाही. माझे सगळे व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे.

चुका होतात कशा, ते पाहू. हाताने लिहिलेले सातबारे संगणकात भरले गेले तेव्हा आपल्या जिल्ह्यांत प्रत्येक गावाला शेकडो पाने होती. जुने क्षेत्र एकर-गुंठ्यांत, नंतरचे हेक्टर-आरमध्ये. एक एकर म्हणजे 40 गुंठे आणि एक हेक्टर म्हणजे 100 आर. हा हिशेब भरताना दशांशचिन्ह एक घर सरकले की शेत दहापट होते किंवा दशांशावर येते. पोटखराबा लागवडीत मिसळतो. ‘सामाईक’ हा शब्द गळतो आणि चौघांचे शेत पहिल्या नावाचे होते. इतर हक्कातली आईची, बहिणीची, कुळाची नोंद भरायची राहते. 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले, संगणकातला उतारा मूळ उताऱ्याशी ताडून पाहिला गेला, पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. ज्या गावात लोक जमले तिथे दप्तर सुधारले. ज्या गावातली माणसे ऊसतोडीला किंवा सुरतेला होती, त्यांची पाने कोण वाचणार?

दुरुस्तीला कलम 155 आहे. लेखनप्रमाद असेल तर दुरुस्त करता येतो. पण लेखनप्रमाद कोणता आणि हक्काचा वाद कोणता, यातली रेषा पाळली नाही तर दुरुस्तीच्या नावाखाली एखाद्याचे नाव जाऊ शकते. माझे स्पष्ट मत आहे, की कलम 155 खालचा प्रत्येक आदेश, ज्याचे नाव किंवा क्षेत्र त्याने बदलते त्याच्या हातात नोटीस पोहोचल्याशिवाय निघूच नये, आणि तो आदेश सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकाशी जोडून कोणालाही वाचता आला पाहिजे.

आणि ही फक्त कागदाची चूक झाली. नकाशाची चूक याहून खोल आहे. 1947 च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली एकत्रीकरण झाले, सर्व्हे नंबरांचे गट झाले. त्या वेळी काही गावांत अदलाबदल कागदावर झाली आणि ताबा मात्र जुन्याच जागी राहिला. आज तिसरी पिढी भांडते आहे. त्यानंतर वाटण्या झाल्या, एका गटाचे सहा सातबारे झाले, 1, 2, 3 असे पोटहिस्से पडले. नकाशावर मात्र अजून एकच गट आहे. पडद्यावर सहा जणांची सहा क्षेत्रे बिनचूक दिसतात, पण विहीर कोणाच्या तुकड्यात आहे आणि गाडीवाट कोणाच्या, हे पडदा सांगत नाही. रोव्हर आणि उपग्रहाच्या साह्याने मोजणी आता वेगाने होते, हे स्वागतार्ह आहे. पण रोव्हर तुम्ही दाखवाल तो बांध मोजतो. बांध कोणाचा, हे त्याला शेजाऱ्यांनीच सांगावे लागते.

इथे मी थोडा थांबतो, कारण पांझरेकाठची एक गोष्ट मला नेहमी आठवते. साक्री आणि धुळे तालुक्यांत पांझरेवरच्या बंधाऱ्यांखाली फड पद्धत शेकडो वर्षे चालली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, दर वर्षी पिकाची पाळी फिरायची. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. कोणाचे रान पाटाच्या तोंडाशी आहे आणि कोणाचे शेपटाकडे, यावरून अन्याय होऊ नये अशी ती रचना. या पद्धतीत शेतकऱ्याचा जो खरा हक्क होता, पाण्याच्या पाळीचा, फडातल्या वाट्याचा, पाटाच्या दुरुस्तीत श्रम देण्याच्या बदल्यात मिळणारा, तो सातबाऱ्याच्या चौकटीत कधी पुरता मावला नाही. बाहेरून आलेला माणूस उतारा पाहून फडातली दोन एकर घेईल, त्यावर प्लॉट पाडेल, आणि कागदाप्रमाणे त्याचे काही चुकलेले नसेल. पण त्याने जे विकत घेतले आणि जे मोडले, ते दोन्ही वेगळे असेल. जे दप्तरात कधी लिहिलेच गेले नाही, ते संगणक कुठून आणणार?

न लिहिलेल्या हक्कांत सर्वांत मोठा हक्क बायकांचा आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो जन्मापासूनचा आहे हे पक्के केले. आपल्या भागातल्या वारस नोंदी पाहा. बाप गेला की पोलीस पाटलाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, आणि वारसांत मुलांची नावे. मुलींची नावे ‘राहून जातात’ किंवा लागलीच हक्कसोडपत्र होते. कोणी प्रेमाने सोडते, कोणी माहेर तुटू नये म्हणून सोडते. मी त्या बहिणीला दोष देत नाही. पण 2025 साली बुलढाणा जिल्ह्यातून सुरू होऊन 1 एप्रिलपासून राज्यभर गेलेली जिवंत सातबारा मोहीम, म्हणजे मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम, फार मोलाचे आहे आणि तितकेच नाजूक. एका मोहिमेत घाईने लागलेली वारस नोंद पुढच्या चाळीस वर्षांचे दावे पेरू शकते. मोहिमेचा आकडा किती सातबारे ‘जिवंत’ झाले यावर मोजला जाईल. त्यांत किती मुलींची नावे आली, तोही आकडा मागितला पाहिजे. आणि गुंतवणूकदारांनो, यात तुमचाही स्वार्थ आहे. जिचे नाव वगळून तुम्ही जमीन घेतली ती बहीण बारा वर्षांनी वाटणीचा दावा घेऊन उभी राहिली, तर तुमचा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा तुम्हाला वाचवणार नाही.

दुसरा हक्क आदिवासींचा. 1970 च्या दशकातले शहादे आठवा; तेव्हा तो तालुका धुळे जिल्ह्यातच होता. अंबरसिंग महाराजांनी आणि 1972 मध्ये उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने जो लढा दिला, त्याच्या मुळाशी जमीन होती. कर्जापोटी, अंगठ्यांवर, भिल्लांच्या जमिनी दुसऱ्यांच्या नावे गेल्या होत्या. सातबारा तेव्हाही होता आणि कागद नियमाप्रमाणे भरलेले होते. ज्याचे शेत गेले त्याला मात्र तो कागद वाचता येत नव्हता. त्या लढ्याच्या काळातच, 1974 मध्ये, संहितेत कलम 36 अ आले. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी हवी, आणि कायम विक्रीला त्याआधी राज्य शासनाची मान्यताही हवी. गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदाही त्याच सुमारास झाला. आज शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ किंवा ‘आदिवासी खातेदार’ असा शेरा असेल तर त्यामागे बहुधा हा इतिहास आहे. संगणकीकरणात असा शेरा गळणे म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा अन्याय एका टंकलेखनाने परत येणे. आणि पाड्यावर पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बाईला संकेतस्थळावरचे ‘हितसंबंधित व्यक्तींस कळविण्यात येते की’ हे मराठी समजेल, असे आपण कशाच्या आधारावर धरून चालतो?

आता जमिनीत पैसे घालणाऱ्यांकडे वळतो, कारण सभागृहात तेही बसले आहेत आणि त्यांना मी परके मानत नाही. सोन्याच्या जोडीला प्लॉट घेऊन ठेवणे ही जळगावच्या मध्यमवर्गाची जुनी सवय आहे. शिक्षकाने, रेल्वेतल्या माणसाने निवृत्तीचे पैसे भुसावळ रस्त्याला गुंतवले, यात गैर काहीच नाही. आता तर चौपदरी झालेला सुरत-नागपूर महामार्ग आहे, नरडाण्याची औद्योगिक वसाहत आहे, आणि 2 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला 309 किलोमीटरचा, 18,036 कोटी रुपयांचा मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग धुळे-शिरपुरावरून जायचा आहे. मार्ग जाहीर झाला की त्याच्या दोन्ही अंगांना उतारे उघडून पाहणाऱ्यांची संख्या वाढते. पूर्वी यासाठी गावात माणूस लागे. आता पुण्या-मुंबईत बसून कोणाच्या नावावर किती, कर्ज किती, वारस किती, सगळे दिसते. शेतकऱ्याला समोरच्याचे काहीच दिसत नाही. माहिती उघडी झाली तरी ती वाचायची ताकद दोघांत सारखी नाही.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. कर्नाटकाने 2001 च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पात सगळे उतारे संगणकावर आणले आणि देशभर त्याची वाखाणणी झाली. पुढे 2007 मध्ये सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंगळुरूच्या भोवतालच्या गावांचा अभ्यास करून दाखवले, की दप्तर गावातून वर गेल्यावर मोठ्या खरेदीदारांना जमीन जमवणे सोपे झाले, आणि लहान माणसाला स्थानिक पातळीवर जे थोडेफार बळ होते ते कमी झाले. मला तो अभ्यास वाचताना आपले महामार्गालगतचे गट दिसत होते.

तरीही लहान गुंतवणूकदाराचे हित आणि शेतकऱ्याचे हित विरोधी आहे असे मी मानत नाही. दोघेही एकाच चुकीच्या नोंदीला बळी पडतात. गुंठ्यागुंठ्याने विकलेली शेतजमीन घ्या. तुकडेबंदीत ठरलेल्या प्रमाणाखालचा तुकडा, रेखांकनाला मंजुरी नाही, बिनशेती नाही. विकणारा दहा जणांच्या नावे मिळून एकच खरेदीखत करून देतो, सातबाऱ्यावर दहा नावे सामाईक चढतात, आणि दहाही जण आपापला पत्रा मारून कुंपण घालतात. पडद्यावर नाव आहे! पण त्या नावाला हद्द नाही, बँकेचे कर्ज नाही, बांधकामाची परवानगी नाही, आणि नऊ जणांच्या सहीशिवाय नीट विक्री नाही. गुंठेवारी नियमित करण्याच्या सवलती सरकार वेळोवेळी देते. त्या मिळतील या भरवशावर घर बांधू नये. तसेच, जो शेतकरी नाही त्याला कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे मुंबईहून येणाऱ्या कित्येकांना खरेदी झाल्यावर कळते. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटिंगला 2017 पासून महारेराची नोंदणी लागते. ती पाहा, तीस वर्षांचा शोध घ्या, जुने हस्तलिखित फेरफार मागवा, आणि जमिनीवर जाऊन शेजारच्या चौघांना विचारा की वहिवाट कोणाची. संगणकावरचा उतारा हे या कामाचे पहिले पान आहे.

भूसंपादनात तर चुकीची किंमत रोकड्यात मोजता येते. महामार्गासाठी जमीन गेली आणि उताऱ्यावर मयत आजोबांचे नाव असेल, किंवा भाऊबंदांत हिश्श्यांचा वाद असेल, तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 3 एच प्रमाणे वाटपाचा प्रश्न जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयाकडे जातो. जमीन गेलेली, रस्ता झालेला, गाड्या धावताहेत, आणि पैसे न्यायालयात. ज्याचा उतारा स्वच्छ त्याने त्याच पैशांतून दुसरीकडे शेत घेतले. ज्याचा उतारा तुंबलेला, त्याच्यासाठी तोवर आजूबाजूचे भाव वर गेलेले असतात.

गावठाणाचेही दोन शब्द. शेताला सातबारा होता, पण गावातल्या घराला ग्रामपंचायतीच्या नमुना 8 पलीकडे काही नव्हते. 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जात आहेत आणि मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. 18 जानेवारी 2025 ला देशभरात एकाच दिवशी 65 लाखांहून अधिक पत्रिका वाटल्या गेल्या. ही योजना मला मनापासून आवडते, कारण घर तारण ठेवून कर्ज काढायची वाट ती गरिबाला उघडते. मात्र आपल्या जुन्या वाड्यांत तोंडी वाटण्या आहेत, ओटा एकाचा, माडी दुसऱ्याची. ड्रोनला वरून एकच छप्पर दिसते. चौकशी अधिकारी आला त्या दिवशी जो घरी होता त्याचेच नाव पत्रिकेवर जाऊ नये, एवढी काळजी प्रत्येक ग्रामसभेने घ्यायला हवी.

आता माझी मागणी. 1858 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने मालकी नोंदवण्याची नवी पद्धत आणली. तिच्यात सरकारी वहीत ज्याचे नाव तो मालक, त्याची हमी सरकारची. आणि वही चुकून एखाद्याचा हक्क बुडाला, तर भरपाईसाठी एक निधी. बरेच जण त्या पद्धतीचे पहिले कलम उचलतात आणि निधीचे विसरतात. आपल्याकडे केंद्राने आणि राज्यांनी हमीच्या मालकीची स्वप्ने पाहिली. आंध्र प्रदेशाने तसा कायदा करून 2023 मध्ये लागूही केला, आणि लोकांत इतकी भीती पसरली की 2024 मध्ये तो रद्द करावा लागला. ती भीती अडाणीपणाची होती असे मी म्हणणार नाही. दप्तर साफ नसताना त्यालाच अंतिम सत्य ठरवले, तर ज्याचे नाव चुकून वगळले गेले त्याचा न्यायालयाचा रस्ताही अरुंद होतो.

म्हणून क्रम उलटा हवा. हमी नंतर द्या, भरपाई आधी सुरू करा. प्रत्येक खरेदीवर आपण जे मुद्रांक आणि नोंदणी शुल्क भरतो त्यातला लहानसा अंश बाजूला काढून जिल्हावार निधी करा. सरकारी नोंदीतल्या चुकीने, नोटीस न मिळाल्याने, संगणकात शेरा गळल्याने ज्याचे नुकसान झाले असे सिद्ध होईल, त्याला त्यातून ठरलेल्या मुदतीत पैसे मिळावेत. सरकारच्या तिजोरीतून चुकीपोटी पैसा जायला लागला की चुका कोणत्या गावात, कोणत्या टप्प्यावर होतात याचा हिशेब आपोआप ठेवला जाईल. आज तो हिशेब कोणाला लागतच नाही, कारण नुकसान नेहमी दुसऱ्याचे असते. ज्या तरुण ग्राम महसूल अधिकाऱ्यांवर, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांवर, दोन-दोन सज्जांचा भार टाकलेला असतो, त्यांची बाजूही अशा हिशेबातूनच पुढे येईल. किती फेरफार एका माणसाने किती दिवसांत पाहावेत, हे मग कोणाला तरी ठरवावे लागेल.

दुसरी मागणी बिनखर्चाची आहे. चावडी वाचन दर वर्षी व्हावे. पण ते दिवाळीच्या किंवा अक्षय तृतीयेच्या, म्हणजे आखाजीच्या, दिवसांत, जेव्हा सुरतेची, ऊसतोडीची माणसे आणि आखाजीला माहेरी आलेल्या लेकी गावात असतात. त्या वर्षी झालेले सगळे फेरफार मोठ्याने वाचावेत. आपल्या गावात अहिराणीत, सातपुड्यात पावरीत, यावल-रावेरच्या तडवी वस्त्यांत त्यांच्या बोलीत. जिचे नाव वगळले गेले ती तिथे उभी राहून हरकत घेईल, ती हरकत तिथल्या तिथे लिहून घेतली जाईल आणि तिची पोच तिच्या हातात दिली जाईल. आखाजीला अजून अवकाश आहे. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे या दोन मागण्यांचे निवेदन घेऊन जायचे ठरले आहे. बाहेर टेबलावर त्याची प्रत ठेवली आहे, ती वाचून ज्यांना पटेल त्यांनी सही करावी.